आईने डिप्रेशनची गोळी एकदम बंद केली... गोळी सोडण्याबद्दल नवीन संशोधन नक्की काय सांगतं?

ओवी_नाशिक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण गेल्या दोन महिन्यात आमच्या घरी जे झालं ते बघून वाटलं इथे लिहायलाच हवं, कारण ही गोळी घेणारं कोणी ना कोणी आता बऱ्याच घरात असतं, फक्त बोलत नाही कोणी.

आई ६१ वर्षांची. बाबा गेल्यानंतर वर्षभराने तिची झोप उडाली, जेवण सुटलं, आणि आयुष्यात कधी न चुकवलेली देवपूजा सुद्धा बंद झाली. दिवस दिवस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तेव्हा एस्सिटॅलोप्रॅम १० एमजी चालू झाली, त्याला आता चार वर्षं झाली. गोळीने फरक पडला हे मी स्वतः बघितलंय, दोन-अडीच महिन्यात बाई परत भिशीला जायला लागली होती.

तर मामाने व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड पाठवला, की डिप्रेशनचा आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा काही संबंध नाही हे लंडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय आणि इतकी वर्षं लोकांना फसवलं. आईने तो वाचला आणि कोणाला न सांगता त्याच रात्रीपासून गोळी बंद केली.

चौथ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी स्टुलावर बसून मेथी निवडत होती, मी मागून हाक मारली म्हणून तिने मान वळवली आणि एकदम ओट्याची कड घट्ट धरली. म्हणाली, "डोक्यात वीज चमकून गेली गं." परत नुसते डोळे इकडून तिकडे फिरवले तरी तेच. मेथीची जुडी तशीच राहिली आणि ती पाच मिनिटं डोळे मिटून बसून होती. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं तर मानेचा एक्स-रे आणि चक्कर थांबायची गोळी. मग चिडचिड, बारीकसारीक गोष्टींवरून रडू, रात्रभर भयानक स्वप्नं. आम्हाला वाटलं झालं, आजार उलटला. बहीण म्हणाली बघ, म्हणजे ही गोळी आता जन्मभर.

नवव्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "गोळी चालू आहे ना?" मी म्हटलं हो. त्यांनी सांगितलं पाकीट उघडून मोजा. मोजली तर नऊ गोळ्या जास्त. परत चालू केली आणि तिसऱ्या दिवशी ती वीज बंद झाली.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत सुटले. तो फॉरवर्ड ज्यावरून आला ते संशोधन खरं आहे, लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुलै २०२२ मधे 'मॉलिक्युलर सायकिअॅट्री' या संशोधनपत्रिकेत छापलं. सेरोटोनिन कमी झालं म्हणून डिप्रेशन येतं याला सातत्याने कुठे पुरावा सापडत नाही असं ते म्हणतात. पण गोळीचा उपयोग होतो की नाही हा प्रश्न त्यात तपासलेलाच नाहीये! हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ताप पॅरासिटॅमॉलने उतरतो म्हणून शरीरात पॅरासिटॅमॉल कमी पडलं होतं असं कोणी म्हणतं का, आणि उलट बाजूने, कमी पडलं नव्हतं म्हणून गोळी खोटी असंही नाही ना. उपयोगाबद्दलचा मोठा अभ्यास २०१८ चा 'लॅन्सेट'मधला आहे, ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर रुग्ण, २१ औषधं, आणि सगळी २१ औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक फार मोठा नाही आणि चाचण्या बहुतेक आठ आठवड्यांच्या, हे पण खरं.

म्हणजे चार वर्षं घेणाऱ्याचं काय, याचं उत्तर मला त्यात मिळालं नाही. इथे कोणी नीट, डॉक्टरांना सांगून गोळी सोडलीय का? अनुभव सांगा प्लीज.

घाटवाट

ओवी ताई, आईंना बरं वाटतंय हे वाचून बरं वाटलं. पण मी थोडं दुसऱ्या बाजूने लिहिणार आहे, राग मानू नका.

माझा मोठा भाऊ बारा वर्षं व्हेनलाफॅक्सिनवर आहे, ही पण डिप्रेशनचीच गोळी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला एकदा खचला होता तेव्हा चालू झाली. आता लग्न झालंय, दोन मुलं आहेत, नोकरी उत्तम. या बारा वर्षात चार डॉक्टर बदलले आणि एकानेही विचारलं नाही की बाबा ही अजून लागते का. प्रिस्क्रिप्शन रिपीट, तीनशे-पाचशे रुपये फी, पाच मिनिटात पुढचा पेशंट. एक दिवस डोस चुकला की त्याला घाम फुटतो आणि अंगात झिणझिण्या येतात, मग तो म्हणतो बघ मला गरज आहे. ही आजाराची गरज की औषधाची? चालू करताना कोणी सांगितलं होतं का त्याला की सोडताना असं होईल? मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, आणि असे फॉरवर्ड लोकांना खरे का वाटतात तर त्याचं मूळ इथे आहे. आपलं कोणी ऐकून घेतच नाही म्हटल्यावर माणूस व्हॉट्सॲपचं ऐकणारच.

मनडॉक_सातारा

मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहे, सतरा वर्षं प्रॅक्टिस करतोय. घाटवाट, तुमचा राग रास्त आहे, आणि तो आमच्या धंद्याने ऐकून घ्यायला पाहिजे. गोळी सुरू कशी करायची हे आम्हाला शिकवलं जातं, उतरवायची कशी हे मी तरी बहुतेक पेशंटकडूनच शिकलो.

ओवी, तुमच्या आईंना जे झालं त्याला पेशंट लोक शॉकच म्हणतात, "डोक्यात करंट बसतो" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. याच्यावर २०२४ मधे जर्मनीतल्या संशोधकांचा मोठा आढावा आला 'लॅन्सेट सायकिअॅट्री' मधे, ७९ अभ्यास आणि २१ हजारांवर लोक. गोळी बंद केल्यावर साधारण ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. पण गंमत अशी की ज्यांची खोटी गोळी बंद केली होती त्यांच्यातही १७ टक्के लोकांना झाला. म्हणजे खरोखर औषधामुळे त्रास होणारे सुमारे १५ टक्के, सहा-सात जणांत एक. खूप तीव्र त्रास ३५ जणांत एकाला. आणि ज्या औषधांनी जास्त होतो त्यात व्हेनलाफॅक्सिन आणि एस्सिटॅलोप्रॅम दोन्ही आहेत, म्हणजे तुमच्या दोघांच्या घरची औषधं. फ्लुओक्सेटिनने कमी होतो कारण ती शरीरातून उतरायलाच आठवडे घेते, आपोआपच हळूहळू सुटते. एक मात्र लक्षात ठेवा, यातले बरेच अभ्यास थोडे महिने गोळी घेतलेल्यांचे आहेत, बारा वर्षं घेतलेल्या माणसाला ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

आता आजार उलटला की गोळी सुटल्याचा त्रास, हे ओळखायचं कसं? सुटल्याचा त्रास बहुतेक वेळा दोन-चार दिवसात चालू होतो, त्यात शरीराच्या तक्रारी असतात, चक्कर, झिणझिण्या, वीज, मळमळ, विचित्र स्वप्नं, आणि गोळी परत घेतली की दोन-तीन दिवसात ओसरतो. आजार उलटतो तो सावकाश, काही आठवडे-महिन्यांनी, आणि पहिल्या वेळेला जशी सुरुवात झाली होती तशीच परत होते. तुमच्या आईंची झोप आणि देवपूजा, त्याच्यावर लक्ष ठेवा.

ओवी_नाशिक

डॉक्टर मनापासून धन्यवाद 🙏 आम्ही चार-पाच दिवस मानेला शेक देत होतो हो. त्या दिवसात पूजा चालू होती तिची! वीज चमकत होती, रडत होती, पण सकाळी उठून देवाला फुलं वाहत होती. हे आत्ता तुमचं वाचताना लक्षात आलं माझ्या.

मग सोडायचीच असेल तर दहाची पाच, मग शून्य, असं करायचं का?

मनडॉक_सातारा

इथेच चूक होते, आणि इतकी वर्षं आम्ही पण तेच सांगत आलो. निम्मी करा, पंधरा दिवसांनी बंद करा.

कास पठारावरून चालत निघालात तर मैलभर चाललं तरी उंची फारशी कमी होत नाही, आणि कडा आला की चार पावलात पायाखालची जमीन संपते. गोळीचं तसंच आहे. मेंदूतली सेरोटोनिन परत ओढून घेणारी जी जागा ही औषधं अडवतात, ती सिटॅलोप्रॅमच्या (तुमच्या आईंच्या गोळीच्या जवळचंच औषध) २० एमजीला साधारण ८० टक्के अडते, आणि ५ एमजीला सुद्धा निम्म्याहून जास्त. म्हणजे २० वरून ५ वर येताना मेंदूला फरक जाणवतो तो थोडा, आणि ५ वरून शून्यावर येताना जाणवतो तो प्रचंड. म्हणून शेवटचे टप्पे बारीक बारीक हवेत. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ मधे हे मांडलं, नंतर इंग्लंडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने लोकांसाठी तशी माहिती काढली आणि २०२२ पासून तिकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमधेही आलं.

आणि हे होरोविट्झ म्हणजे तुमच्या मामांच्या फॉरवर्डमधल्या २०२२ च्या पेपरचे एक लेखक आहेत! ते स्वतः डॉक्टर, स्वतः एस्सिटॅलोप्रॅम घेत होते आणि सोडताना त्यांचे अतोनात हाल झाले हे त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. म्हणजे ज्या पेपरच्या नावावर लोक एका रात्रीत गोळी फेकतात, तो लिहिणारा माणूसच सांगतोय की एका रात्रीत फेकू नका, महिने घ्या. हे फॉरवर्डमधे कधी येत नाही.

घाटवाट, तुमच्या भावाला सांगा की व्हेनलाफॅक्सिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या असतात त्या घरी कापायच्या नाहीत, त्याचं वेगळं नियोजन लागतं. आणि हे सगळं डिप्रेशन आणि चिंतेच्या आजाराच्या गोळ्यांबद्दल चाललंय. लिथियम किंवा स्किझोफ्रेनियाच्या औषधांना यातलं काही लावू नका, ते पूर्ण वेगळं आहे.

कुळागर

फोंड्याहून लिहितोय. सगळे गोळीबद्दल बोलतायत म्हणून आमच्या गोव्याची गोष्ट सांगतो, कारण जगात जिथे तिथे तिचा दाखला देतात आणि मराठी माणसाला माहीत नसते.

इथे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगाथ' संस्थेने एक प्रयोग केला, २०१७ मधे 'लॅन्सेट'मधे छापून आला. गोव्यातली १० सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, सगळे बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनचे. त्यांच्याशी बोलायला ठेवले ते डॉक्टर नाहीत, सायकॉलॉजिस्ट पण नाहीत, तर ट्रेनिंग दिलेली साधी स्थानिक माणसं. सहा ते आठ बैठका, अर्धा-पाऊण तासाच्या. तीन महिन्यांनी बघितलं तर ज्यांना हे मिळालं त्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, आणि ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यातले ३९ टक्के. वर्षभराने तपासलं तेव्हाही फायदा टिकून होता.

आता बैठकीत करतात काय, ते मी माझ्या मावशीच्या घरी बघितलंय (ती त्या प्रयोगात नव्हती, नंतर गावात एक मुलगी यायची तिच्याकडे). मला वाटलेलं ही येऊन उपदेश करणार, देवाचं नाव घे, चांगले विचार कर. तसं काही नाही. तिने विचारलं, मावशी तुम्ही पूर्वी दिवसभर काय करायच्या? मावशी म्हणाली अबोलीचे वळेसर (गजरे) करायचे गो, आता झाडं सुकून गेली. तर पहिल्या आठवड्यात काम एवढंच, सकाळी उठून त्या झाडांना तांब्याभर पाणी घालायचं आणि कागदावर खूण करायची, आणि त्यापुढे मन कसं होतं त्याचं एक तोंड काढायचं, हसरं किंवा रडवं. बस. बरं वाटेल तेव्हा करू नाही, आधी करायचं, बरं वाटणं मागून येतं. तो कागद अजून मावशीच्या कपाटाला आतून चिकटवलेला आहे, पहिल्या ओळीत सातच्या सात रडवी तोंडं आणि पुढे सातच्या सात खुणा.

ही पद्धत इंग्लंडमधेही तपासलीय, २०१६ मधे, ४४० रुग्ण, तिथेही कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेली ही थेरपी महागड्या थेरपिस्टच्या सीबीटीपेक्षा (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) कमी पडली नाही.

घाटवाट

कुळागर भाऊ, हे खरंच माहीत नव्हतं. मग हे आमच्या कोल्हापुरात गल्लोगल्ली का नाही?

न्यूजर्सीची_सून

मी इथे अमेरिकेत फार्मसिस्ट आहे. सेरोटोनिनच्या पलीकडे पण बरंच चाललंय म्हणून थोडक्यात लिहिते. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी झुरानोलोन नावाची गोळी ऑगस्ट २०२३ मधे इथे मंजूर झाली, रोज संध्याकाळी स्निग्ध जेवणाबरोबर, फक्त १४ दिवसांचा कोर्स. ती सेरोटोनिनवर चालतच नाही, मेंदू शांत करणाऱ्या गाबा नावाच्या रसायनाच्या वाटेने चालते, आणि काहींना तिसऱ्या दिवसापासून फरक जाणवतो. गुंगी खूप येते म्हणून घेतल्यावर १२ तास गाडी चालवायची नाही. किंमत मात्र हजारो डॉलर्स. २०१९ मधे नाकात मारायचा एस्केटामिनचा स्प्रे आला, तो दवाखान्यात बसूनच घ्यावा लागतो आणि दोन तास थांबवून ठेवतात.

माझ्या स्वतःच्या बाळंतपणानंतर मी चार महिने नुसती रडायचे आणि सासूबाई फोनवर म्हणायच्या, अगं पहिलटकरणीला होतंच असं, डिंकाचे लाडू खा. त्यांनी प्रेमानेच पाठवले होते ते लाडू. पण कोणीतरी त्या वेळी याला आजार म्हणायला हवं होतं.

रानवारा

मी यवतमाळ जिल्ह्यात आशा आहे. तुम्ही सगळे शिकलेले लोक, डॉक्टर कोणता, गोळी कोणती, कशी सोडायची हे बोलता. आमच्याकडे डॉक्टरच नाही जी. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते अन् बसचं भाडं वेगळं.

२०१५ मधे सरकारने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प काढला, त्यात आम्ही घरोघरी जाऊन प्रश्न विचारतो. झोप येते का, जेवण जाते का, जीव नकोसा वाटते का. हा शेवटचा प्रश्न विचारायला पहिले माझी जीभ रेटत नव्हती. वाटायचं की विचारल्यानेच त्याच्या डोक्यात येईन. ट्रेनिंगमधे सांगितलं की असं होत नाही, उलट विचारल्याने माणूस मोकळा होतो. एकदा एका घरी विचारलं तर तो माणूस विळा हातातच घेऊन उभा होता, तो खाली ठेवला अन् बाजीवर बसला अन् म्हणाला, ताई तीन महिन्यात पहिल्यांदा कोणी विचारलं.

ज्याला दूर जाणं होत नाही त्याला मी १४४१६ नंबर देते, टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोन सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला चालू झाला, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलतात. गोळी सोडायची असली तरी तिथे विचारता येते. अन् गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण कधी कधी स्टॉक संपते अन् पुढच्या महिन्यात या म्हणतात. म्हणजे आमच्या माणसाची गोळी तर आपोआपच एकदम बंद होते. त्याच्या डोक्यात वीज चमकली तर तो कोणाला सांगणार?

मनडॉक_सातारा

रानवारा ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी दोनदा वाचला. एकदम बंद म्हटलं की आम्ही मनमानी करणारा पेशंट डोळ्यासमोर आणतो, स्टॉक संपलेला दवाखाना नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ च्या, उपचारच न मिळणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारात ७० ते ९२ टक्के निघालं होतं. पण उपचार सुरू झाले आणि मधेच तुटले, त्यांची नोंद मी तरी कुठे बघितली नाही. तुम्हाला एक विनंती, स्टॉक संपायच्या आठवडाभर आधी पेशंटला सांगता आलं तर उरलेल्या गोळ्या कशा पुरवायच्या हे तिथल्या डॉक्टरांना किंवा १४४१६ वर विचारून घ्या. तेवढ्यानेही फरक पडेल.

ओवी, तुम्ही चार वर्षांचं विचारलं होतं ते राहिलं. इंग्लंडमधे २०२१ मधे नेमका हाच अभ्यास झाला, ४७८ लोक, सगळे बऱ्याच काळापासून गोळीवर, आता बरं वाटतंय आणि सोडावी का असा विचार करणारे. निम्म्यांची चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू बंद केली. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचा आजार उलटला आणि चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. हा आकडा दोन्हीकडून वाचा. सोडली तर धोका वाढतो हे नक्की. पण सोडलेल्या शंभरातले ४४ जण वर्षभर ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही ३९ जणांचा उलटलाच. माझ्याकडे पेशंट आला की मी विचारतो, यापूर्वी किती वेळा उलटला, कधी जीव द्यायचे विचार आले होते का, सध्या घरात काही मोठं चाललंय का, लग्न, मृत्यू, घर बदलणं. दोन-तीन वेळा उलटलेला असेल तर मी घाई करत नाही.

आणि कुळागर म्हणतात ते इथे जोडून घ्या. २०१५ मधे ४२४ लोकांवर एक अभ्यास झाला, एका गटाला गोळी चालू, दुसऱ्याला आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा (मन आत्ताच्या क्षणावर ठेवायला शिकवणारा) वर्ग देऊन गोळी उतरवत नेली. दोन वर्षांनी उलटण्याचं प्रमाण ४७ आणि ४४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. गोळीच्या जागी काहीतरी उभं केलं तर सोडणं जमू शकतं. नुसतीच जागा रिकामी केली तर अवघड जातं.

घाटवाट

काल भावाशी बोललो. मी नेहमीसारखं "सोड ना ते" म्हटलं नाही, फक्त विचारलं की तुला सोडावीशी वाटते का. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला मला भीती वाटते. बारा वर्षात मी त्याला हे विचारलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात दोघं मिळून डॉक्टरांकडे जाणार आहोत, यावेळी पाच मिनिटात उठणार नाही.

ओवी_नाशिक

तीन महिन्यांनी अपडेट देतेय, मधे बऱ्याच जणांनी विचारपूस केली त्यांचे आभार.

डॉक्टरांनी सांगितलं दिवाळी होऊ दे मग सुरू करू, बाबांचं श्राद्ध पण त्याच सुमारास असतं. तसंच केलं. दहावरून साडेसात, महिनाभर. मग पाच. पाचवर आल्यावर दोन दिवस थोडी चक्कर आली तर तिथेच अजून पंधरा दिवस थांबलो. आता अडीचवर आहे, गोळी कापायचा छोटा कटर आणलाय मेडिकलमधून, ती स्वतः कापते आणि अर्धी परत पाकिटात ठेवते. यापुढचे टप्पे अजून लांबवायचे असं ठरलंय, आणि नाही जमलं तर अडीचवरच राहायचं, त्यात काही हरल्यासारखं नाही असं डॉक्टर स्वतः तिला म्हणाले.

कुळागर दादांच्या मावशीचा कागद मी आईला वाचून दाखवला होता. फ्रिजवर आता एक कॅलेंडर लावलंय. त्यात तीन गोष्टी, पूजा, सकाळची चक्कर गंगापूर रोडपर्यंत, आणि शेजारच्या मुलीला रोज अर्धा तास पेटी शिकवणं. पेटी बाबा गेल्यापासून पलंगाखाली होती, भाता एका बाजूने उंदराने कुरतडलेला, तो दुरुस्त करून आणला. तोंडं काढायला तिला लाज वाटते म्हणून ती कुंकवाचं बोट लावते, चांगला दिवस असेल तर पूर्ण, वाईट असेल तर अर्धं.

मागच्या आठवड्यात चार अर्धी होती. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले आहे तिथेच थांबा, कमी करू नका, गुरुवारी घेऊन या. कॅलेंडर काढून पिशवीत ठेवलंय, उद्या गुरुवार.